पक्षीगृह : भक्षकांपासून संरक्षण

अंगणात, परसात किंवा गच्चीवर जाळी व छप्पर घालून उभारलेल्या आणि पक्ष्यांना उडण्याइतकी जागा असलेल्या मोठ्या पिंजऱ्यास पक्षीगृह म्हणतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पोपट, मुनिया यांसारखे देशी पक्षी पाळण्यास मनाई असल्यामुळे भारतातील पक्षीगृहांत मुख्यतः मूळचे ऑस्ट्रेलियातील बजरीगर, कॉकाटील व झेब्रा फिंच आणि आफ्रिकेतील लव्हबर्ड आढळतात. बंदिस्त पक्ष्याला पळून जाता येत नाही, म्हणून त्याच्या सुरक्षिततेची सारी जबाबदारी बांधणाऱ्यावर येते.

महाराष्ट्रात मांजर, मुंगूस, घूस, उंदीर, धामण व नाग, दिवसा शिक्रा व कावळा आणि रात्री घुबड यांपासून धोका संभवतो. यांतील प्रत्येकाला आत शिरावे लागतेच असे नाही. जाळीला बिलगून बसलेल्या पक्ष्याचा पाय मांजर बाहेरूनच ओढते आणि शिक्रा नुसता जाळीवर झेपावला तरी घाबरलेले पक्षी आपटून जायबंदी होतात. कॉकाटील तर अंधारात किंचित चाहुलीनेही बिथरतो, म्हणून त्याच्यासाठी रात्री मंद दिवा ठेवणे हिताचे असते. अशा बाहेरून होणाऱ्या हल्ल्यांवर उपाय म्हणजे सुमारे दोन इंच अंतर सोडून लावलेली दुहेरी जाळी, तसेच छताचा व एका बाजूचा काही भाग पक्क्या पत्र्याने झाकून केलेला आडोसा.

बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण भक्षकाला बाहेर ठेवण्यास ती पुरेशी नाही. तारा सांध्यावर जोडलेली अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मांजर, मुंगूस, घूस व मोठ्या सापांना रोखते; लहान उंदीर व सापाची पिले मात्र तिच्यातूनही शिरू शकत असल्याने खालच्या भागात पाव इंचाची जाळी लावणे श्रेयस्कर. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी पोपटवर्गीय पक्षी कुरतडतात व जस्ताची विषबाधा होऊ शकते, म्हणून ती लावण्यापूर्वी व्हिनेगर व ब्रशने घासून धुतात.

घूस भिंतीच्या पायथ्याशीच उकरू लागते. यासाठी जमीन काँक्रीटची करतात किंवा जाळी फूटभर पुरून तिचा खालचा भाग बाहेरच्या दिशेला वळवतात, म्हणजे उकरणाऱ्याला तीच आडवी येते.

सापाचा प्रश्न पुष्कळदा दाण्यांपासून सुरू होतो : सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण येते. विणीसाठी टांगलेल्या मडक्यात अंड्यांवर बसलेली मादी तर आयतीच सापडते. पक्षी गिळून फुगलेल्या सापाला आलेल्या फटीतून परतता येत नाही व तो सकाळी आतच वेटोळे घालून आढळतो. त्याला मारणे कायद्याने गुन्हा आहे आणि अनावश्यकही. वनविभागास किंवा प्रशिक्षित सर्पमित्रास बोलावून त्याची सुटका करवावी आणि ती फट त्याच दिवशी बुजवावी. उंदरांसाठी विष ठेवणेही टाळावे, कारण विषबाधित उंदीर खाऊन घुबडे मरतात.

मांजराच्या दाताचा वा नखाचा लहानसा ओरखडादेखील पक्ष्यास घातक ठरू शकतो. मांजराच्या तोंडातील पाश्चुरेला जातीचे जीवाणू रक्तात पसरतात, म्हणून वरवर ठीक दिसणारा पक्षीही त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे नेणे अगत्याचे असते.