गरजवंताची पारख

दानाची थोरवी सांगणारें वाङ्मय आपल्या भाषेंत उदंड आहे. कोणीं द्यावें, कोणास द्यावें, कोणत्या पर्वकाळीं दिलें असतां किती पुण्य लाभतें, याचा विचार आपल्या पूर्वजांनीं बारकाईनें करून ठेविला आहे. परंतु ज्यानें घ्यावयाचें त्यानें तें मिळवावें कसें, कोणाच्या दारीं जावें, किती खेटे घालावे, आणि आपण खरोखरीच गरजू आहों अशी देणाऱ्याची खात्री कशी पटवावी, हा विषय मात्र लेखकांच्या नजरेंतून बहुधा सुटलेला आहे. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण आपण सहज बोलून जातों. तिचा अर्थ इतकाच कीं, अडलेला मनुष्य समोरचा घालील ती अट मान्य करतो. त्या अटींचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे अक्कल कोणास नव्हती, अडलेल्यास कीं अट घालणाऱ्यास, असा संशय मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हा इतिहास पाहण्यासाठीं आम्हीं वर्धा जिल्ह्यांतील सेलू हें ठिकाण निवडलें आहे. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बोर नदीच्या खोऱ्यांत हें तालुक्याचें गांव आहे. केळझर, हिंगणी, सिंदी हीं त्याच्या भोंवतालचीं परिचित नांवें. कापूस हें येथील मुख्य पीक. एके काळीं केळीच्या बागांविषयींहि हा भाग नांवाजलेला होता. महाराष्ट्रांतील शेंकडों तालुक्यांच्या गांवांसारखेंच हें एक गांव असल्यामुळें, येथें जें दिसेल तें इतरत्रहि थोड्याबहुत फरकानें दिसावें असा आमचा समज आहे.

वर्धा जिल्हा १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला, आणि १८६६ मध्यें पालकवाडीच्या जागीं वर्धा शहर वसलें. जिल्ह्याच्या जुन्या तहसिली तीन : वर्धा, हिंगणघाट व आर्वी. सेलूला तालुक्याचा मान फार पुढें मिळाला. तोंपर्यंत सेलूकडील मनुष्यास सरकारदरबारीं कांहीं मागावयाचें तर पांचसहा कोस वर्ध्यास जाणें व तितकेच परत येणें प्राप्त होतें. ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर, त्याचा अर्ज करण्यांतच एक दिवस बुडे. मदतीच्या इतिहासांत हें अंतर फार मोठें काम करतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

सरकारदरबारच्या आधींची पारख गांवांतच होत असे. पेरणीच्या वेळीं बियाणें संपलें, घरांत आजार आला, मुलीचें लग्न निघालें, म्हणजे कुणबी मालगुजाराच्या किंवा सावकाराच्या ओट्यावर जाई. धान्य वाढीदिढीनें मिळे. सुगी झाली कीं घेतल्याच्या सवाईनें किंवा दिढीनें फेडावें लागे. या व्यवहारांत कागद कमी आणि ओळख अधिक. कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं हें सावकारास विचारावें लागत नसे. तें तो जाणून असे. पारख अचूक होती यांत शंका नाहीं. परंतु तिचें मोल मोठें होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत इकडील कापसास विलायतेंत अपूर्व भाव आला. पुढें १८६७ मध्यें नागपूरपर्यंत आगगाडी धांवूं लागली. हिंगणघाटच्या कापसाचें नांव दूरवर झालें. रोकड आली, तशी कर्जाची वहीहि जाड झाली. ओळखीवर मिळालेल्या धान्याच्या जागीं आतां गहाणखत आलें, आणि मनुष्य ओळखीचा असूनहि त्याची जमीन परकी होऊं लागली.

सरकारनें गरजवंताची पारख करण्याची जी पद्धत काढिली तिचें मूळ दुष्काळांत आहे. वर्धा जिल्हा निर्माण झाला तेव्हां मध्यप्रांताचा कारभार सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे होता. हेच टेंपलसाहेब १८७७ च्या भयंकर दुष्काळांत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून मद्रास व मुंबई इलाख्यांत फिरले, आणि कष्ट करणाऱ्या पुरुषास दिवसाकाठीं एक रत्तल धान्य व वर एक आणा इतकी मजुरी पुरे, असा हिशेब त्यांनीं बसविला. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं या अन्नावर मनुष्य काम करून जगूं शकणार नाहीं असें परोपरीनें सांगितलें. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मद्रासेंत कांहीं महिन्यांतच हा दर मागें घ्यावा लागला.

त्या हिशेबाच्या जोडीला दुसरी एक कसोटी होती, ती अंतराची. दुष्काळी काम मजुराच्या गांवापासून निदान दहा मैल तरी दूर असावें. म्हणजे खरा उपाशी तेवढाच येईल, असा तो तर्क. वरवर पाहतां तर्क चतुर वाटतो. परंतु जो दहा मैल चालूं शकतो तो अद्याप पुरता उपाशी नाहीं, आणि जो पुरता उपाशी आहे तो दहा मैल चालूं शकत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्यांत विसरली गेली. जिला तान्हें मूल आहे तिनें काय करावें, ज्याचा बाप अंथरुणास खिळला आहे त्यानें कोणाच्या स्वाधीन त्याला करून जावें, याचें उत्तर त्या तर्कांत नव्हतें.

न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, १८८० च्या दुष्काळ-कमिशननंतर जे नियम झाले त्यांनीं ही कठोरता बरीच सौम्य केली. अपंगांस व वृद्धांस गांवांतच फुकट साह्य, मुलांसाठीं अन्नछत्रें, शेतकऱ्यांस तगाई अशीं कलमें त्यांत आलीं. मध्यप्रांतावर १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ कोसळले. दुसऱ्या वेळीं प्रांतांत वीस लाखांहून अधिक माणसें एकाच वेळीं सरकारी साह्यावर होतीं. पुष्कळ जीव त्यामुळें वांचले. तरी नियमांच्या बुडाशीं असलेला संशय गेला नाहीं : मागणारा लबाड असावा, आणि तो लबाड नाहीं हें त्यानेंच सिद्ध करावें.

पुढें १९३० नंतर शेतमालाचे भाव कोसळले तेव्हां मध्यप्रांताच्या सरकारनें १९३३ मध्यें कर्ज-तडजोडीचा कायदा केला. सावकार व कूळ यांना मंडळापुढें समोरासमोर बसवून कर्जाचा आंकडा व हप्ते ठरवावयाचे, ही कल्पना या प्रांतानें इतरांच्या आधीं अंमलांत आणिली. तिचा लाभ ज्याच्याजवळ गहाण टाकण्यापुरती तरी जमीन होती त्यास झाला. भूमिहीन मजुराच्या नांवावर तडजोड करण्याजोगें कांहीं नव्हतेंच.

याच सुमारास वर्ध्यास एक निराळा हिशेब मांडला जात होता. १९३४ मध्यें ग्रामोद्योग संघ निघून त्याचें ठाणें मगनवाडींत झालें, आणि १९३५ मध्यें चरखा संघानें गांधीजींच्या आग्रहावरून असें ठरविलें कीं, सूत कातणाऱ्या बाईस बाजारभाव काय असेल तो असो, निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महाग होईल, खप उतरेल, अशा तक्रारी झाल्या. त्या निराधारहि नव्हत्या. परंतु प्रश्नाची मांडणी येथें बदलली. टेंपलसाहेब विचारीत होते, कमींत कमी किती दिलें म्हणजे मनुष्य मरणार नाहीं. वर्ध्यास विचारलें गेलें, किती मिळालें म्हणजे तो नीट जगेल. दोन्ही प्रश्न आण्यापैशांचेच आहेत; पण त्यांच्यामधील अंतर दहा मैलांहून अधिक आहे.

या नव्या मांडणीला कायद्याचें रूप येण्यास आणखी चाळीस वर्षें लोटावीं लागलीं. मध्यंतरीं सेलू मध्यप्रांतांतून मध्यप्रदेशांत, १९५६ मध्यें द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलें. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें १९६५ मध्यें एक लहानसा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळानें त्याला वेग दिला. १९७५ मध्यें नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसवून पैशाची तरतूद झाली. आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा अंमलांत आला. जो अंगमेहनतीचें काम मागेल त्यास पंधरा दिवसांच्या आंत काम द्यावें, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असें त्यांत होतें. २००५ च्या देशव्यापी कायद्यानें आणखी एक गोष्ट घातली : काम गांवापासून पांच किलोमीटरच्या आंत असावें, त्याहून दूर असल्यास दहा टक्के मजुरी अधिक द्यावी. दहा मैलांहून जवळ नको, येथून आरंभ झालेला हा प्रवास पांच किलोमीटरांहून दूर नको, येथें येऊन पोंचला.

या कायद्याचें मर्म आमच्या मतें एका लहानशा कागदांत होतें, तो म्हणजे मागणीच्या अर्जाची तारखेसह पोंच. पंधरा दिवस मोजावयाचे ते त्या तारखेपासून. ज्याच्या हातीं पोंच, त्याच्या हातीं हक्क. ज्यास पोंच मिळाली नाहीं त्यानें कामच मागितलें नाहीं असें धरलें जाई. कागदानें आजवर गरिबाची परीक्षा घेतली होती; या एका कागदानें सरकारची परीक्षा आरंभिली. म्हणूनच ती पोंच मिळणें सर्वांत दुर्घट होऊन बसलें, यांत नवल नाहीं.

परंतु ज्यांच्या अंगांत काम करण्याचें बळच नाहीं, त्यांच्या वांट्यास दाखल्यांची परीक्षा तशीच राहिली. १९८० मध्यें महाराष्ट्रानें विधवा, अपंग, परित्यक्ता, निराधार अशांसाठीं संजय गांधी निराधार अनुदान योजना काढिली. हेतु स्तुत्य, महिन्याची रक्कम थोडी असली तरी एकट्या बाईच्या घरांत ती मोलाची. मात्र अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला. तलाठ्याकडून तहसील कचेरीकडे, तेथून परत तलाठ्याकडे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षें सालीना २१,००० रुपये होती. म्हणजे साऱ्या घराला दिवसाचे सत्तावन्न रुपये. २०२०–२१ मध्यें महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. ज्या घरानें कायद्यानें दिलेले शंभर दिवस पुरते काम केलें त्याची मजुरी २३,८०० रुपये होई, आणि तेवढ्यानेंच तें घर या योजनेच्या मर्यादेबाहेर जाई. एका हातानें दिलेला हक्क दुसऱ्या हाताच्या नियमांत अपराध ठरावा, यास काय म्हणावें?

याहून कठोर उदाहरण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें. जुलै २००६ मध्यें पंतप्रधानांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. वर्धा त्या सहांत होता. राज्य सरकार मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये देत असे. त्यांपैकीं ३०,००० रोख व ७०,००० ठेव म्हणून. पण त्यासाठीं मृत्यु ‘पात्र’ ठरावा लागे. जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नांवें असावी. कर्ज बँकेचें, सोसायटीचें किंवा परवानाधारक सावकाराचें असावें. तें थकून वसुलीचा तगादा लागलेला असावा. बटईनें शेत करणारा, बिनपरवाना सावकाराचा देणेकरी, दुसऱ्याच्या बांधावर राबणारा सालदार, यांचें दुःख कागदावर बसत नव्हतें. ओट्यावरील सावकारास जें न विचारतां कळत होतें, तें कचेरीस विचारूनहि कळेना.

मग ओळखीची पारख व हक्काची पारख एकत्र येऊंच शकत नाहींत काय? त्याचेंहि उत्तर याच जिल्ह्यांत शोधलें गेलें आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्यविम्याची योजना उभी केली. सुगीच्या वेळीं प्रत्येक घरानें ज्वारी द्यावयाची. भूमिहीनानें थोडी, जमीनवाल्यानें जमिनीच्या मानानें अधिक. गांवांतील चारांपैकीं तीन घरें तरी सामील झालीं तरच योजना चालावयाची. अकस्मात् आलेल्या आजाराचा उपचार मोफत. आधीं ठाऊक असलेल्या दुखण्यास खर्चाचा कांहीं भाग भरावयाचा. कुवतीप्रमाणें देणें आणि गरजेप्रमाणें घेणें, हा तिचा मंत्र. कोण किती देऊं शकतो हें गांवच जाणे, म्हणून दाखला लागत नसे. आणि प्रत्येकानें मूठभर तरी ज्वारी घातलेली, म्हणून रुग्णालयाच्या दारांत कोणी याचक नसे. खेड्यांच्या आंकड्यांत ही योजना लहान होती. पण तिनें जें सिद्ध केलें तें लहान नाहीं.

या सर्वांतून आम्हांस एकच गोष्ट दिसते. मदतीची रक्कम किती, यापेक्षां परीक्षा कोणाची होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जेथें परीक्षा केवळ गरजवंताची, तेथें जो सर्वांत दुबळा तोच प्रथम नापास होतो. कारण चालणें, थांबणें, लिहिणें, बोलणें, या सर्वांस बळ लागतें. जेथें परीक्षा देणाऱ्याचीहि होते, तेथें तो दुबळा निदान टिकाव धरतो. २०१५ मध्यें महाराष्ट्रानें लोकसेवा हक्काचा कायदा केला. अधिसूचित दाखला किती दिवसांत द्यावा हें त्यानें बांधून दिलें आणि न दिल्यास अपिलाची वाट ठेविली. कायदा आपल्या बाजूचा आहे. पण तो वाचतां आला पाहिजे.

येथें आमच्या वाचकांचा संबंध येतो. आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई, शेतावरील सालदार, दाराशीं भाजी विकणारी म्हातारी, यांतील कोणी ना कोणी आज कुठल्यातरी खिडकीसमोर उभें असेल. त्यांच्या हातावर चार पैसे ठेवणें सोपें आहे, आणि तें आपण करतोंहि. परंतु एखादा दिवस त्यांच्यासह तहसील कचेरीपर्यंत जाणें, अर्ज नीट लिहून देणें, आणि तारीख घातलेली पोंच हातीं आल्याखेरीज तेथून न हलणें, हें दान अद्याप कोणत्याहि पुराणानें वर्णिलेलें नाहीं. अक्षरओळख हीच आपली ज्वारी. आपल्या वांट्याचें माप आपण घातलें काय, हें आतां आपलें आपणच पाहावें.