अलॉय चाकांवरील ब्रेकची चिवट धूळ

धुतलेल्या मोटारीचा पत्रा चकाकत असतो. पण पुढच्या चाकांवरील काळपट-तपकिरी थर साबणाच्या पाण्याने जराही हलत नाही. हा थर म्हणजे रस्त्यावरील माती नव्हे, तर ब्रेकची धूळ असते. तिचे स्वरूप न जाणता जोर लावून घासल्यास धूळ तशीच राहते आणि चाक मात्र खराब होते.

थर कसा बसतो?

ब्रेक दाबताच पॅड फिरत्या बिडाच्या डिस्कवर आवळले जातात. घर्षणाने दोहोंची झीज होऊन लोखंडाचे तप्त सूक्ष्म कण उडतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकत असल्याने पुढची चाके अधिक काळवंडतात. हे कण चाकावरील पारदर्शक लेपात रुततात आणि दमट हवेत गंजून तेथेच पक्के होतात. बोरघाटासारख्या लांब उताराच्या रस्त्यावर किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत नेहमी वावरणाऱ्या गाडीला हा त्रास अधिक. लेप एकदा उखडला की आतील ॲल्युमिनियम झिजू लागते. मग धुऊन उपयोग नसतो, चाकाला नव्याने रंग व लेप द्यावा लागतो.

स्वच्छ करण्याची रीत

• गाडी सावलीत उभी करून चाके पूर्ण गार होऊ द्यावीत. तापलेल्या चाकावर द्रावण वाळून डाग पडतात.
• एका वेळी एकच चाक घ्यावे. आधी भरपूर पाणी मारून सुटी धूळ काढावी आणि मग गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू व मऊ ब्रश वापरावा.
• तरीही डाग उरल्यास लोहकण विरघळवणारे, आम्लरहित क्लीनर फवारावे. त्यातील थायोग्लायकोलेट क्षाराची लोहाशी क्रिया होऊन द्रावण जांभळे होते. वेष्टनावर दिलेल्या वेळेनंतर, पण वाळण्यापूर्वी, ते धुऊन टाकावे. उग्र वासामुळे हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे.
• डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढावेत. शेवटी उरलेले कण क्ले बारने, भरपूर ओलाव्यासह, हलक्या हाताने उचलावेत.
• चाक मायक्रोफायबर कापडाने कोरडे करून त्यावर मेण किंवा सीलंट लावावे. पुढील धूळ सहज निघते. मेणाचा वा तेलाचा थेंबही डिस्कवर पडू देऊ नये.

धुतल्यानंतर कमी वेगात दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून ते कोरडे करावेत. ओल्या ब्रेकची पकड कमी असते.

काय टाळावे?

ॲल्युमिनियमवर आम्ल आणि अल्कली दोन्हींची क्रिया होते. त्यामुळे फरशीचे ॲसिड आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही वर्ज्य. काही तीव्र क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा फ्लोराइडचे क्षार असतात. त्यांनी त्वचेला खोलवर इजा होते. तारेची घासणी व पॉलिश पेपर लेपच खरवडतात. कोरडी धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. युरोपीय संघाने 2024 साली मंजूर केलेल्या युरो 7 नियमावलीत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली गेली, ती याच चिंतेपोटी.

दर आठवड्याला साध्या शाम्पूने चाके धुतल्यास तीव्र रसायनांची गरज क्वचितच भासते.