पडद्यावरची पहिली मायलेक

आज एका मायलेकीची गोष्ट सांगतो. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तारामतीच्या कामासाठी त्यांनी बाई शोधली, पण एकही तयार होईना. चांगल्या घरच्या बायकांनी तोंड दाखवायचं नाही, हाच त्या वेळचा रिवाज. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवून तारामती केलं. नाटकातही तेच चालायचं. पुरुष बाई होऊन उभा राहिला की लोक टाळ्या वाजवायचे. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी त्याच वर्षी सुरू झाली. मात्र बाईच बाईचं काम करायला उभी राहिली की लोक नाकं मुरडायचे.

अशा काळात दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. पदरात लहान लेक. एकट्या बाईला पोटासाठी कोणते रस्ते होते? लोकांची धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट. त्यांनी फिरत्या नाटक कंपनीचा रस्ता धरला. कंपनीचं बिऱ्हाड आज या गावी, उद्या त्या गावी. कमलाबाई अशाच बिऱ्हाडात वाढल्या, चार-पाच वर्षांच्या असल्यापासून रंगमंचावर उभ्या राहिल्या.

मग फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ घेतला. त्यात दुर्गाबाई झाल्या पार्वती आणि साधारण तेरा वर्षांच्या कमलाबाई झाल्या मोहिनी. आपल्या देशाच्या पडद्यावर आलेल्या या पहिल्या बायका. तेव्हाचा सिनेमा मुका. संवाद नाही, गाणं नाही; सगळं डोळ्यांनी आणि हातांनी सांगायचं.

पुढे कमलाबाईंचं लग्न नाटकातल्याच रघुनाथराव गोखल्यांशी झालं. पण ऐन तारुण्यात नवरा गेला आणि लहान लेकरांची जबाबदारी अंगावर पडली. त्या रडत बसल्या नाहीत. नाटकात कामं केली, पुरुषांच्या भूमिकाही केल्या. बाईच्या जागी पुरुष उभा राहायचा त्याच रंगमंचावर ही बाई पुरुष होऊन उभी राहिली! त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले आपण पडद्यावर पाहिलेच आहेत. रीना मोहन यांनी म्हातारपणीच्या कमलाबाईंवर एक माहितीपटही केला.

मैत्रिणींनो, आज ‘पहिल्या अभिनेत्री’ म्हणून या दोघींचा मान होतो. पण त्या मानासाठी उभ्या राहिल्या नव्हत्या. घर चालवायला उभ्या राहिल्या होत्या.

आम्ही बचत गटाच्या बैठकांना जातो, तेव्हा आमच्यापुढे एक गोष्ट येते. फॉर्मवर ‘व्यवसाय’ लिहायचा आला की कितीतरी जणी ‘घरकाम’ लिहायला सांगतात. आणि त्याच बाया नवऱ्याच्या बरोबरीनं सहा-सहा महिने ऊस तोडून, मोळ्या डोक्यावर वाहून आलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मात्र त्याच्या नावावर. बैठकीला उशीर झाला, तर उंबऱ्यातच टोमणा ऐकायचा. एका ताईनं तर टोमण्यांना कंटाळून बैठकीला येणंच सोडलं होतं. चार जणी तिच्या घरी जाऊन बसल्या, तेव्हा ती परत आली.

दुर्गाबाईंसाठी असं कोण गेलं असेल?

म्हणून पुढच्या बैठकीत फॉर्म समोर आला की जे काम करता ते लिहा. ऊसतोड असेल तर ऊसतोड, शिवणकाम असेल तर शिवणकाम. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.