झडीच्या दिवशी जुनी राजधानी

युरोपातील जुन्या राजधान्या पाहावयास गेलेला प्रवासी पावसाला फारसा भीत नाही. व्हिएन्नात सरी आल्या तर तो हॉफबुर्ग राजवाड्यात शिरतो, लंडनमध्ये आल्या तर ब्रिटिश म्यूझियममध्ये. बाहेर रस्ते भिजत असतात आणि आत तो काचेच्या कपाटांतील राजमुकुट, शस्त्रे, शिलालेख पाहत कोरडा हिंडतो. नागपूरही एका मोठ्या राज्याची राजधानी होते. परंतु श्रावणाची झड लागली असता पाहुण्याला आम्ही न्यावे कोठे? भोसल्यांचा तो मोठा राजवाडा आज उभा नाही आणि त्याचा खजिनाही येथे नाही. तेव्हा छत्री उघडून चालत निघावे हेच बरे. आमचे तर म्हणणे असे, की ही राजधानी पावसातच नीट वाचता येते.

सुरुवात गांधीसागरापासून करावी. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून हे नगर वसविले. त्याचा वारस चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, नगराला तट घातला आणि पाणी अडवून तलाव केला. त्या तलावाचे नाव जुम्मा तलाव. पुढे लोक त्याला शुक्रवारी तलाव म्हणू लागले. जुम्मा काय आणि शुक्रवार काय, वार एकच. फक्त बोलणाऱ्याची भाषा बदलली. आता त्याचे नाव गांधीसागर आहे. राजे बदलले, नावे बदलली, तरी उतारावरून येणारे पाणी आपली वाट विसरले नाही. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिलसाठी याच परिसरातील पाणथळ जमीन भरावयास घेतली, तेव्हा हा गृहस्थ सोने मातीत घालतो आहे, असे म्हणून एका सावकाराने भांडवल द्यावयाचे नाकारले. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली आणि काही वर्षांनी त्याच सावकाराला आपले शब्द मागे घ्यावे लागले, अशी कथा प्रसिद्ध आहे. सावकार पैशाच्या बाबतीत चुकला. पाण्याच्या बाबतीत मात्र कोणीही गाफील राहू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या चार तासांत शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घरांत शिरली. ज्या नदीने या नगराला नाव दिले, तिला आम्ही नाला म्हणू लागलो होतो. तिने त्या पहाटे आपली ओळख पुन्हा करून दिली.

तलावाकडून जुन्या जुम्मा दरवाज्यातून, म्हणजे आजच्या गांधी गेटातून, महालात यावे. चांद सुलतानाच्या पश्चात वारसाचा तंटा माजला. त्याच्या विधवेने पहिल्या रघुजी भोसल्यांना साह्यास बोलाविले, आणि थोड्याच वर्षांत सत्ता रघुजींच्या हाती आली. येथून निघालेल्या फौजा बंगालपर्यंत गेल्या. पण १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर पारडे फिरले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्यानंतर हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले गेले. जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले. काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा तो राजवाडा १८६४ मध्ये आगीत जळाला. त्यातून वाचला तो मुख्यत्वे नगारखाना. रघुजी भोसल्यांच्या नावाची एक तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, आणि ती महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन परत आणली. ज्या शहरात पावसाच्या दिवशी प्रवासी परक्या राजधान्यांचे वैभव कोरडेपणी पाहतो, तेथेच आमच्या राजधानीची एक वस्तू आम्हाला पैसे मोजून घ्यावी लागली!

मग या राजधानीचे शिल्लक राहिले काय? त्याचे उत्तर इतवारीत मिळते. पुण्यात रविवार पेठ आहे, नागपुरात इतवारी आहे. वार तोच, पण हा शब्द मराठी दरबाराचा नव्हे, हिंदी बोलणाऱ्या बाजाराचा. त्याच्याच शेजारी मंगळवारी, बुधवारी, शनिवारी आहेत. राजाने काढलेल्या फर्मानांपेक्षा आठवड्याच्या बाजारांनी हे नगर अधिक आखले, याची साक्ष ही नावे देतात. गोंड राजांचे फारसी वळण, मराठ्यांचा कारभार आणि उत्तरेकडील व्यापाऱ्यांची बोली या एका नावात एकत्र नांदतात. पाऊस वाढला की येथे दुकानाच्या ओट्यावर आसरा घ्यावा. समोर सराफा, पलीकडे किराणा ओळ, लोहा ओळ, मस्कासाथ. एकेका जिनसाची एकेक ओळ. काही ठिकाणी वर पाहिले तर लाकडी माडीचे कोरीव खांब अजून दिसतात आणि त्यांवरून पन्हळीचे पाणी ओघळत असते. व्हिएन्नातील राजवाड्याप्रमाणे येथे पहारेकरी नाही की तिकीट नाही. हे संग्रहालय व्यवहारात आहे.

या बाजाराची स्मरणशक्ती पाहावयाची तर पोळ्याचा दुसरा दिवस गाठावा. त्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात आणि रस्त्यांवरून काळी व पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासून व पिवळीची १८८५ पासून सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी संधान बांधणारी भोसल्यांची बाकाबाई, अशी लोकांची समजूत आहे. बाकाबाईंना तो न्याय झाला की अन्याय, हा इतिहासकारांच्या वादाचा विषय. पण राज्य जाऊन पाव शतक लोटल्यावर, ज्या लोकांना दरबारात कधी आसन नव्हते त्यांनी भर रस्त्यात आपला निकाल दिला, आणि दरवर्षी, पाऊस असो वा नसो, ते तो पुन्हा देतात, हे विसरण्याजोगे नाही. बडग्यांच्या रूपाने त्याच मिरवणुकीत चालू काळातील गैरकारभारालाही फटके बसतात. नाराजी बोलून दाखविण्याची ही रीत राजवाड्याने शिकविलेली नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे मध्यप्रदेशाच्या राजधानीचे पद गेले, त्याची हळहळ आमच्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर केली. ती योग्यच होती. परंतु १८५४ चा धडा असा, की सिंहासन गेले तरी नगर राहते, जर त्याचे पाणी, त्याचा बाजार आणि त्याची आठवण राहिली तर. सिंहासन आमच्या हाती नव्हते. या तीन गोष्टी आहेत. तलावात राडारोडा टाकणारा, नदीवर स्लॅब घालणारा आणि जुनी माडी पाडण्यापूर्वी तिचे एक छायाचित्रही न घेणारा कोणी डलहौसी नाही. तो आमच्यापैकीच एक आहे. म्हणून यंदा झड लागेल तेव्हा घरातील मुलांना सोबत घेऊन जुम्मा दरवाज्यापासून इतवारीपर्यंत एकदा चालावे, आणि पाणी कोठून येते व कोठे जाते ते त्यांना दाखवावे.