तळघरातील अतिरिक्त दमटपणा

घराच्या तळघरातील हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांच्या वर राहण्याची स्थिती.

कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. पाया त्या थराखाली न्यावा लागत असल्याने तिथे घराखाली तळघर करण्याची पद्धत रूढ झाली.

दमटपणाचे उगम मुख्यतः दोन : मातीतून काँक्रीटमध्ये झिरपणारी ओल आणि बाहेरच्या उष्ण हवेतील बाष्प (पहा : केशाकर्षण; दवबिंदू). हवा ३० अंश सेल्सियस व आर्द्रता ७० टक्के असल्यास दवबिंदू सुमारे २४ अंश येतो. १८ अंशांच्या भिंतीवर अशा हवेतून पाणी सुटणारच. म्हणूनच उन्हाळ्यात खिडक्या उघडून तळघर वाळवण्याचा सर्रास केला जाणारा उपाय उलट ओल वाढवतो.

निदानासाठी प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवतात. खोलीच्या बाजूला थेंब दिसल्यास बाष्प हवेतले. भिंतीच्या बाजूला दिसल्यास ओल आतून येते. भिंतीवरचा पांढरा लोणा हीही झिरपण्याचीच खूण.

उपायांत बाहेरचे काम आधी. पन्हळीचे पाणी पायापासून दूर सोडतात, जमिनीला पहिल्या ३ मीटरमध्ये सुमारे १५ सेंमी. उतार देतात. तरीही पाणी आलेच, तर पायालगत निचरा-नळी व खड्ड्यातला पंप बसवतात. आर्द्रता कमी करणारे विद्युत यंत्र हवेतील बाष्प काढते, पाझर थांबवत नाही.

अशा दमटपणामुळे बुरशी व धुळीतील सूक्ष्म कोळी वाढतात, लाकूड कुजते आणि दम्याचा त्रास बळावतो (पहा : कवक, दमा).