स्वॅपपासून बचाव : बेंगळुरूत घडलेला एक उपाय

चालू प्रोग्रामना लागणारी पेजेस मेमरीत मावली नाहीत, की यंत्राचा वेळ डिस्कवरून पेजेस आणण्या-नेण्यातच जातो. या ‘थ्रॅशिंग’ची कारणे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच मांडली होती. लिनक्समध्ये ‘एमलॉक’ने पेज मेमरीत पक्के करता येते खरे, पण एकाने जागा अडवली, की शेजारचे प्रोग्राम डिस्कवर ढकलले जातात.

आयबीएमच्या बेंगळुरूतील लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमधल्या बलबीर सिंग यांनी मूळ प्रश्नच वेगळा धरला : हे पेज कोणाच्या खात्यावर? प्रोग्रामचे गट करायचे, प्रत्येक गटाला मर्यादा घालायची आणि मर्यादा ओलांडणाऱ्या गटाचीच पेजेस आधी काढायची. यात पॅवेल एमेल्यानोव यांचाही वाटा होता. अडचण अशी, की प्रत्येक पेजमागे खात्याची नोंद ठेवायला पुन्हा मेमरीच लागते! तरीही एप्रिल २००८ मध्ये लिनक्स २.६.२५ मध्ये हा मेमरी कंट्रोलर दाखल झाला.

शेजारी वाचले, पण मर्यादा ओलांडणारा डेटाबेस स्वतः स्वॅपमध्ये जाईच. २०१६ च्या ४.५ कर्नलपासून, सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत, गटाची स्वॅपमर्यादा शून्य ठेवता येते. मग मेमरी खरोखरच अपुरी पडली, तर कर्नल त्या गटातला प्रोग्राम सरळ बंद पाडते.