सिनेमाचं शेपूट

२०१३ च्या डिसेंबरात 'धूम ३' आला, तेव्हा आमच्या घरातली मुलं मोबाईलवर त्याच सिनेमाची मोटारसायकल पळवत बसलेली आठवतात. सिनेमा बघून झाला, मग आता हे कशाला, असं मी विचारलं. "त्यात आमिर चालवतो, यात आपण!" मी गप्प. पुढे कळलं की तो खेळ मुंबईत नव्हे, उडुपीत ९९गेम्स नावाच्या कंपनीने बनवला होता. म्हणजे कुडाळला कोकण रेल्वेत बसावं आणि सरळ उतरावं तिथे! मी आपला उडुपी म्हणजे डोसा समजत होतो.

सिनेमा आणि व्हिडिओ गेम यांची सोयरीक तशी जुनी, आणि सुरुवातीलाच फिसकटलेली. वॉर्नर या सिनेमावाल्या कंपनीने १९७६ साली अटारी ही खेळांची कंपनी विकत घेतली. १९८२ मध्ये स्पीलबर्गचा 'ई. टी.' तुफान चालला. त्यावर खेळ काढण्याच्या हक्कांसाठी अटारीने दोन कोटी डॉलरहून जास्त मोजले असं म्हणतात. पण बोलणी लांबली, आणि खेळ तर नाताळाच्या बाजारात हवा! हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाला जेमतेम पाच आठवडे मिळाले. (पाच आठवड्यांत वर्षाचा पोर्शन उरकायला लावला की काय होतं, ते आम्हा मास्तरांना विचारा.) खेळ पडला. १९८३ मध्ये अटारीने आपला न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ साली तो उकरला, तेव्हा त्यात 'ई. टी.' खरोखरच सापडला.

आपल्याकडेही तीच तऱ्हा. 'गजनी'वर हैदराबादच्या कंपनीने खेळ केला. २०११ च्या दिवाळीत 'रा.वन' आला, त्याची गोष्टच खेळ बनवणाऱ्या माणसाची, आणि बरोबर प्लेस्टेशनवरचा खेळही आला. पण हे खेळ म्हणजे सिनेमाच्या पोस्टरसारखेच. तारीख सिनेमाची, नट सिनेमाचा, खेळ आपला शेपटासारखा मागून फरफटत.

म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं मला अप्रूप वाटतं. त्यांच्या 'राजी'मागे कुठलाच सिनेमा नव्हता. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. तरी नेटाने २०२० मध्ये खेळ पुरा केला, आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी एक पोर, आणि तिची गोष्ट सांगतात विष्णू आणि दुर्गा. अगदी आपल्या दशावतारात शोभेल असं! मधलं कथानक तर चक्क छायाबाहुल्यांच्या रूपात येतं.

छायाबाहुल्या म्हटल्यावर आम्हा कसालवाल्यांना पिंगुळी आठवणारच. पुणेकरांनी त्या बघितल्या होत्या की नाही, देव जाणे. ठाकर मंडळी कितीतरी पिढ्या चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे धरून पडद्यावर रामायण दाखवत आली. सिनेमाच्या कितीतरी आधीचा हा पडदा. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यानंतर एका सुट्टीत नातवाला घेऊन मी तिथे गेलो होतो. तो थोडा वेळ पडद्यासमोर बसला, मग उठून मागे डोकावून आला आणि माझ्या कानाशी लागला, "आजोबा, मला नाचवायला देतील?"